चित्राच्या अर्थाचा धनी कोण?

चित्रांच्या प्रदर्शनात गेलेल्या माणसाच्या मनात एक प्रश्न हटकून येतो; तो बोलून दाखवण्याचे धैर्य मात्र फार थोड्यांना होते. समोर भिंतीवर एक चित्र लावलेले असते. चित्रात एक घड्याळ आहे, शेजारी झाडाचे एक पान आहे, आणि दोहोंच्या मधोमध एक सावली पडली आहे. पण ती कशाची, ते कुठेच दिसत नाही. बघणारा थोडा वेळ उभा राहतो, चष्मा पुसतो, खाली चिकटवलेली चिठ्ठी वाचतो. चिठ्ठीवर चित्रकाराचे नाव, साल आणि ‘शीर्षक नाही’ एवढाच मजकूर असतो. मग तो इकडेतिकडे पाहून शेजाऱ्याला हळूच विचारतो, “याचा अर्थ काय हो?”

या प्रश्नाला आपल्याकडे दोन उत्तरे तयार असतात. पहिले असे की, अर्थ चित्रकारालाच ठाऊक. आपण त्यातले काय समजणार! दुसरे असे की, ज्याला जे दिसेल तो त्याचा अर्थ. पहिले उत्तर नम्र वाटते आणि दुसरे उदार वाटते. परंतु दोहोंचा परिणाम एकच होतो, तो म्हणजे आपले बघणे थांबते. पहिल्या उत्तराने आपण बघण्याचा हक्क सोडून देतो, दुसऱ्याने बघण्याची जबाबदारी. अतिवास्तववादी चित्रांपुढे हा पेच विसाव्या शतकात उभा राहिला, आणि संगणकाच्या पडद्यावर तयार होणाऱ्या चित्रांनी तो आज अधिक बिकट केला आहे. या पेचाची चर्चा मी सौंदर्यशास्त्राच्या परिभाषेत करणार नाही. एका शहराचा इतिहास सांगून ती करावी असा माझा विचार आहे. ते शहर म्हणजे चंदीगड.

चंदीगड म्हटले की तुम्हाआम्हाला सरळ रस्ते, क्रमांकांनी ओळखले जाणारे विभाग आणि काँक्रीटच्या उघड्यावाघड्या इमारती आठवतात. तिथे चित्रांच्या अर्थाची कसली आली आहे गोष्ट, असे कुणालाही वाटेल. परंतु बघणाऱ्याने एखाद्या वस्तूचा अर्थ कसा लावला यावर त्या वस्तूचे जगणेमरणे अवलंबून असते, हे जितक्या स्पष्टपणे या शहरात दिसते तितके ते फार थोड्या ठिकाणी दिसत असेल.

१९४७ साली पंजाबची फाळणी झाली. पूर्व पंजाबच्या वाट्याला जमीन आली, नद्या आल्या, निर्वासितांचे तांडे आले; राजधानी मात्र आली नाही. लाहोर सीमेपलीकडे राहिले. लाहोरच्या वस्तुसंग्रहालयाचीही वाटणी झाली. एखाद्या घरातले भाऊ वेगळे निघताना भांडी मोजून घेतात, तशा १० एप्रिल १९४८ रोजी तिथल्या मूर्ती आणि चित्रे वाटून घेण्यात आली. साठ टक्के पाकिस्तानकडे, चाळीस टक्के भारताकडे असे ते प्रमाण होते. आपल्या वाट्याला आलेल्या गांधार शैलीच्या बुद्धमूर्ती आणि पहाडी चित्रे पुढच्या वर्षी अमृतसरला पोचली, मग सिमल्याला गेली, तिथून पतियाळ्याला गेली आणि अखेर १९६८ च्या मे महिन्यात चंदीगडच्या नव्या संग्रहालयात स्थिरावली. लाहोरच्या कलाशाळेचीही कथा अशीच आहे. ही शाळा १८७५ साली निघाली. सुप्रसिद्ध लेखक रुडयार्ड किपलिंग यांचे वडील जॉन लॉकवुड किपलिंग हे तिचे पहिले प्राचार्य. तिचा भारतातला अंश १९५१ साली सिमल्यात पुन्हा सुरू झाला आणि १९६२ साली चंदीगडला आला.

मूर्ती गाडीत घालून आणता येतात. तिच्याभोवती पिढ्यान्‌पिढ्या जमलेला अर्थ तसा आणता येत नाही. ज्या बुद्धमूर्तीपुढून लाहोरची मुले शाळेच्या सहलीत गेली असतील, ती मूर्ती नव्या शहरात, नव्या उजेडात, नव्या माणसांपुढे उभी राहिली. तिचा अर्थ पुन्हा पहिल्यापासून लावणे भाग होते. साऱ्या शहराचीच ही स्थिती होती. आमच्या पुण्यात, पैठणात, नाशकात पावलापावलावर काही ना काही आठवणी असतात. चंदीगडला तशा जुन्या खुणा नव्हत्या. तिथे खुणाच नव्याने घडवायच्या होत्या.

या खुणा घडवायला जो माणूस १९५१ च्या फेब्रुवारीत आला, त्याला जग ल कोर्बुझिए या नावाने ओळखते. वास्तुशिल्पी म्हणून त्याची कीर्ती आपल्या कानांवर आहे. पुण्यात जन्मलेले आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले बाळकृष्ण दोशी पॅरिसमध्ये त्याच्याच कार्यशाळेत उमेदवारी करत होते, हेही अनेकांना ठाऊक असेल. परंतु कोर्बुझिए हा चित्रकारही होता, हे आपण विसरतो. सकाळचा वेळ चित्रांना आणि दुपारनंतरचा वास्तुशिल्पाला, असा त्याचा वर्षानुवर्षांचा क्रम होता.

त्याच्या उमेदीच्या काळात, १९२४ साली, पॅरिसमध्ये आंद्रे ब्रतों या कवीने अतिवास्तववादाचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. जागेपणीचे तर्कशुद्ध मन हे मनाचा फक्त एक कोपरा असून स्वप्न, योगायोग आणि अबोध प्रेरणा यांतून अधिक खोल वास्तव प्रकट होते, असे या पंथाचे म्हणणे होते. फ्रॉइडच्या विचारांची छाया त्यावर स्पष्ट होती. कोर्बुझिए या पंथात कधी सामील झाला नाही. यंत्र, भूमिती आणि स्वच्छ प्रकाश यांचा तो पुरस्कर्ता. साल्वादोर दालीने तर त्याची यथेच्छ टवाळी केली. तरीही हळूहळू त्याच्या चित्रांतल्या बाटल्या आणि पेले मागे पडले आणि त्यांच्या जागी शिंपले, हाडे, गारगोटे, झाडांची मुळे दिसू लागली. ज्यांच्याकडे पाहिले असता मनात कवितेसारखे काही हलते, अशा वस्तू तो वाटेवर वेचून घरी आणू लागला.

त्याच्या एका बैलाची हकीकत आपल्या विषयाच्या दृष्टीने मोठी उद्‌बोधक आहे. १९४० साली जर्मन फौजा आल्या तेव्हा कोर्बुझिए पॅरिस सोडून पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी एका खेड्यात जाऊन राहिला. तिथे त्याला वाटेवर एक गोटा आणि लाकडाचे एक मूळ सापडले. ही जोडी तो पुन्हापुन्हा चितारत राहिला. खिडकीसमोरून दिवसभर नांगराचे बैल जात असत. पुढे काही वर्षांनी आपलेच एक जुने स्थिरचित्र त्याने आडवे फिरवून पाहिले आणि त्यात त्याला बैलाचे मस्तक दिसले. त्यातून बैलांची एक मोठी चित्रमालिका जन्मली. हाच बैल त्याला पंजाबच्या शेतांत भेटला. विधानसभेच्या इमारतीपुढे वर वळलेली जी विशाल पडवी आहे, तिच्यात पुष्कळांना बैलाच्या शिंगांचा बाक दिसतो.

आता विचार करा. त्या जुन्या स्थिरचित्रात बैल होता का? चित्रकाराने तो काढला नव्हता. पण रेषांत तो नव्हताच असेही म्हणता येणार नाही, कारण एकदा दिसल्यावर तो आपल्यालाही दिसतो. म्हणजे चित्रकार स्वतःच्या चित्रापुढे स्वतःच एक प्रेक्षक झाला आणि त्याने नवा अर्थ लावला. ‘अर्थ चित्रकारालाच ठाऊक’ हे पहिले उत्तर इथेच लटके पडते.

चंदीगडच्या विधानसभेला एक प्रचंड दरवाजा आहे. फ्रान्सने दिलेली ही भेट १९६४ साली तिथे बसवण्यात आली. आपल्याकडे घरोघर इनॅमलची ताटे आणि कपबशा असत, त्याच पद्धतीने पोलादी पत्र्यांवर रंग चढवून आणि भट्टीत भाजून ही चित्रफलके तयार केलेली आहेत. एका बाजूला पंचावन्न आणि दुसऱ्या बाजूला पंचावन्न, असे एकशेदहा फलक. वरच्या भागात सूर्याचे भ्रमण, दिवस आणि रात्र, ऋतूंची चक्रे. खालच्या भागात पृथ्वी, पाणी, झाड, कासव, बैल. त्या दरवाजासमोर उभे राहिले की एखाद्या लहान मुलाने स्वप्नात पाहिलेले पंचांग आपल्यापुढे कुणी उघडून ठेवले आहे असे वाटते.

कोर्बुझिएच्या या खुणा सर्वांनाच भावल्या असे मात्र झाले नाही. उच्च न्यायालयाची इमारत १९५५ च्या मार्चमध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते खुली झाली. काँक्रीटच्या उंच दालनांत आवाज घुमतो, म्हणून न्यायासनामागे विणलेले लोकरी चित्रपडदे लावावेत अशी योजना होती. काश्मीरच्या विणकरांनी ते विणले. मुख्य न्यायमूर्तींच्या दालनासाठी एकशे चव्वेचाळीस चौरस मीटरचा एक आणि इतर दालनांसाठी प्रत्येकी चौसष्ट चौरस मीटरचे आठ. त्यांवर सूर्य, वीज, ढग, सर्प, तराजू, पावलांचे ठसे अशा आकृती रंगांच्या मोठमोठ्या चौकटींत विखुरलेल्या आहेत. काही न्यायमूर्तींना हे पडदे मुळीच मानवले नाहीत. न्यायदालनात असली चित्रे शोभत नाहीत, ती काढावीत, इथपर्यंत मजल गेली.

या न्यायमूर्तींना अरसिक म्हणून हसणे सोपे आहे. मला ते अन्यायाचे वाटते. पुराव्यातला प्रत्येक शब्द एकाच अर्थाने वाचायचा, संदिग्धता दिसली की ती दूर करायची, हा त्यांचा दिवसभराचा व्यवसाय. त्यांच्या पाठीमागेच कुणी अशी भिंत उभी केली की जिच्या प्रत्येक आकृतीचे चार अर्थ निघतात! साक्षीदार साक्ष देत असता वकिलाची नजर सर्पावर खिळून राहिली तर? न्यायमूर्तींची अस्वस्थता हाही एक अर्थच होता. त्या चित्रांनी काहीतरी हलवले होते. चूक झाली असेल तर ती एवढीच, की अस्वस्थता जाणवताच त्यांनी चित्र काढायला सांगितले. त्या अस्वस्थतेला आणखी थोडा वेळ द्यायला हवा होता.

अतिवास्तववादी चित्राचे मर्म नेमके इथे आहे. असे चित्र म्हणजे उखाणा, त्याचे उत्तर पुस्तकाच्या शेवटच्या पानावर छापलेले असते, अशी आपली समजूत असते. घड्याळ म्हणजे काळ, पक्षी म्हणजे आत्मा, बंद दार म्हणजे मृत्यू, असे कोष्टक हाती घेऊन आपण चित्र सोडवायला बसतो. माक्स एर्न्स्ट या चित्रकाराने १९२५ साली समुद्रकाठच्या एका खाणावळीत जमिनीच्या झिजलेल्या फळ्यांकडे बघताबघता त्यांवर कागद ठेवून शिसे घासले आणि लाकडाच्या रेषांतून अरण्ये, पक्षी, समुद्र उमटू दिले. आपल्यापैकी ज्यांचे बालपण कोकणातल्या किंवा घाटावरच्या जुन्या घरात गेले, त्यांना यात नवल वाटायला नको. पावसाळ्यात भिंतीला ओल धरावी, पोपडे सुटावेत, आणि तापाने फणफणलेल्या पोराला अंथरुणातून त्या डागांत घोडा, राक्षस, दाढीवाला म्हातारा दिसावा, हा अनुभव कुणाचा नाही? त्या भिंतीला ‘तुझा अर्थ काय’ असे ते पोर विचारत नाही. ते बघत राहते, आणि भिंत त्याच्याशी बोलू लागते.

रवींद्रनाथांचा अनुभव याहून फार वेगळा नव्हता. हस्तलिखितातील खोडलेल्या ओळी एकमेकींना जोडताजोडता त्यांच्या लेखणीतून विचित्र पशुपक्षी आकार घेऊ लागले आणि वयाच्या सत्तरीत, १९३० साली, त्यांच्या चित्रांचे पहिले प्रदर्शन पॅरिसमध्ये भरले. ज्या पुरुषाने हजारो शब्द जन्माला घातले, त्याने आपल्या बहुतेक चित्रांना एका शब्दाचेही नाव दिले नाही.

आपल्या मराठी चित्रकारांतले या वाटेचे मोठे प्रवासी म्हणजे प्रभाकर बरवे. त्यांचा जन्म १९३६ साली अलिबागजवळच्या नागावचा. जे. जे. कलाशाळेत शिक्षण झाल्यावर ते वाराणसीच्या विणकर सेवा केंद्रात काही वर्षे होते. मुंबईला परतल्यावर त्यांनी इनॅमलच्या चकचकीत रंगांत पाने, घड्याळे, फळे, ढग, टाचण्या अशा घरगुती वस्तू चितारल्या. आरंभी मी सांगितलेले घड्याळ आणि पान काही काल्पनिक नाहीत. त्यांच्या जगातले ते रहिवासीच आहेत. बरव्यांवर अतिवास्तववादी असा शिक्का मारणे बरोबर होणार नाही. पण वस्तू तिच्या नेहमीच्या जागेवरून उचलून रिकाम्या अवकाशात ठेवली की ती आपल्याकडे निराळ्या नजरेने पाहू लागते, हे मराठी प्रेक्षकाला त्यांच्याइतके शांतपणे कुणी दाखवले नसेल. १९९० साली प्रसिद्ध झालेले त्यांचे ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक चित्राकडे कसे बघावे याविषयी मराठीत झालेल्या चिंतनात मानाने मोजावे असे आहे. १९९५ साली ते गेले. त्यांच्या चित्रांपुढे उभे राहून ‘टाचणी कशाचे प्रतीक?’ असे विचारणाऱ्याला उत्तर मिळत नाही. ‘ही टाचणी एवढी एकटी का?’ असे ज्याच्या मनात येते, त्याचे चित्र बघणे सुरू झालेले असते.

आता पुन्हा चंदीगडला जाऊ. कोर्बुझिएची चिन्हे राजमार्गावर, सरकारी खर्चाने, जगाच्या देखत उभी राहत होती. त्याच वेळी विधानभवनापासून फार दूर नसलेल्या झाडीत एक माणूस रात्री सायकलवरून येत होता. त्याचे नाव नेकचंद. १९२४ साली जन्मलेला हा तरुण फाळणीनंतर आपले गाव सोडून इकडे आला होता आणि बांधकाम खात्यात रस्त्यांचा निरीक्षक म्हणून नोकरीला होता. नवे शहर वसवण्यासाठी जी खेडी उठवली गेली, त्यांच्या मोडतोडीचे ढीग तो रोज बघत असे. फुटक्या बांगड्या, कपबश्यांचे तुकडे, विजेच्या दिव्यांची मोडकी बटणे, गंजलेले डांबराचे पिंप, घरांचे उंबरठे. नदीनाल्यांच्या पात्रांतून तो चित्रविचित्र दगडही गोळा करी. १९५७ च्या सुमारास त्याने झाडीतली थोडी जागा साफ केली आणि आपल्या मनातले एक राज्य तिथे मांडायला सुरुवात केली. ती जमीन सरकारी होती आणि तिच्यावर काहीही बांधण्यास मनाई होती. त्यामुळे हे सारे काम गुपचूप चालले होते. बांगड्यांच्या तुकड्यांचे अंगरखे घातलेल्या बायका, डोक्यावर घडे घेतलेली माणसे, वानरांच्या आणि मोरांच्या रांगा असा तो परिवार वाढत गेला. १९७५ साली अधिकाऱ्यांच्या दृष्टीस पडेपर्यंत तो सुमारे बारा एकरांवर पसरला होता.

श्रोतेहो, त्या दिवशी अधिकाऱ्यांपुढे जे होते त्याचा अर्थ काय? कायद्याच्या पुस्तकाप्रमाणे ते अतिक्रमण होते, आणि त्या वाचनात खोटे असे काहीच नव्हते. नियमाप्रमाणे ते सारे पाडून टाकायचे आणि नोकरावर कारवाई करायची, एवढेच उरत होते. परंतु ते पाहायला माणसे येऊ लागली. त्यांतल्या कितीतरी जणांचीही घरे मागे राहिलेली होती. फुटक्या बांगड्यांत त्यांना काय दिसले असेल, हे सांगायला कलासमीक्षकाची गरज नाही. ज्याला सरकार मोडतोड म्हणत होते, ते लोकांनी घर म्हणून वाचले. अखेर हे दुसरे वाचन टिकले. १९७६ साली ती बाग सर्वांसाठी खुली झाली, नेकचंदला तिथेच काम करण्यासाठी पगार आणि हाताखाली मजूर मिळाले, आणि १९८४ साली पद्मश्रीने त्याचा गौरव झाला. १९९० च्या सुमारास बागेचा काही भाग पाडायला यंत्रे आली तेव्हा नागरिक हातात हात घालून त्यांच्यासमोर उभे राहिले. २०१५ साली नेकचंद निवर्तला. त्यानंतर दहा वर्षांनी, २०२५ साली, उच्च न्यायालयाच्या वाहनतळाच्या सोयीसाठी बागेच्या भिंतीचा एक भाग पाडला गेला तेव्हाही लोक निषेधाला जमले. म्हणजे त्या वस्तूच्या अर्थाचा खटला अजून चालूच आहे.

याच शहराने या धड्याची उलटी बाजूही अनुभवली. पिएर जाँनरे या कोर्बुझिएच्या चुलतभावाच्या देखरेखीखाली सरकारी कचेऱ्यांसाठी सागवानी खुर्च्या आणि मेजे बनवण्यात आली होती. ती जुनी झाली, मोडली, आणि कचेऱ्यांनी त्यांचा भंगार म्हणून लिलाव केला. पुढे त्याच खुर्च्या युरोप-अमेरिकेतल्या लिलावांत मोठ्या किमतीला विकल्या जाऊ लागल्या तेव्हा चंदीगडचे डोळे उघडले. आपल्या घरातल्या वस्तूचा अर्थ आपण लावला नाही, तर तो दुसरा कुणी लावतो आणि वस्तू घेऊन जातो.

आता संगणकाच्या चित्रांकडे वळतो. ही चित्रे अगदी कालपरवाची असे आपण समजतो. पण त्यांचाही इतिहास साठ वर्षांहून जुना आहे. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत मायकेल नोल या संशोधकाने १९६४ साली संगणकाकडून एक चित्र काढून घेतले. डच चित्रकार मोंद्रियान याच्या १९१७ सालच्या आडव्याउभ्या लहान रेषांच्या चित्राच्या धर्तीवर ते होते. ही दोन्ही चित्रे त्याने शंभर माणसांना दाखवली. संगणकाचे चित्र कोणते, हे फक्त अठ्ठावीस जणांना ओळखता आले, आणि एकोणसाठ जणांना संगणकाचेच चित्र अधिक आवडले. आता तर यंत्राला एक वाक्य सांगितले की काही क्षणांत वितळणारी घड्याळे आणि आकाशात पोहणारे मासे पडद्यावर हजर होतात. अशा एका प्रसिद्ध प्रणालीचे २०२१ साली बारसे झाले तेव्हा तिच्या नावात दालीचे नाव गुंफले गेले, हे सूचक आहे. अतिवास्तवाची वाट यंत्राला सर्वांत सोपी गेली.

इथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. संगणकाचा कुंचल्यासारखा उपयोग करून, रेघ अन् रेघ स्वतः योजून चित्र काढणारे चित्रकार आहेत. त्यांचे चित्र तैलरंगातल्या चित्राइतकेच त्यांचे स्वतःचे. प्रश्न आहे तो वाक्यावरून झटपट निघणाऱ्या चित्रांचा. तिथे स्वप्न दिसते, पण ते पाहणारा झोपलेला माणूस कुठेच नसतो. असंख्य जुन्या चित्रांच्या राशीवरून यंत्राने ते जुळवलेले असते. मग त्याचा अर्थ लावण्यात काय हशील, असे कुणी म्हणेल.

मला चंदीगडचे दोन दगड आठवतात. कोर्बुझिएचा तो वाटेवरचा गोटा कुणी घडवला होता? नेकचंदने पाण्याच्या पात्रातून उचललेल्या धोंड्यांत कुणाचा हेतू होता? कुणाचाच नाही. तरीही एकातून बैल निघाला आणि दुसऱ्यातून एक राज्य उभे राहिले. हेतू नसलेल्या वस्तूंतूनही अर्थ निघू शकतो. फक्त त्यासाठी उचलणाऱ्याला कष्ट पडतात. कोर्बुझिएने तो गोटा वर्षानुवर्षे काढला. नेकचंदने अठरा वर्षे रात्री जागवल्या. यंत्राचे चित्र हा असाच एक गोटा आहे. त्याच्याकडे क्षणभर पाहून ‘वा’ म्हणून आपण पुढच्याकडे वळलो तर तो गोटाच राहतो. आणि अडचण अशी की हे गोटे आता ओंजळीने नव्हे, गाड्या भरभरून आपल्या दारात पडत आहेत. बघण्याला लागणारा वेळ मात्र पूर्वीइतकाच लागतो.

मग ‘ज्याला जे दिसेल तो अर्थ’ हे दुसरे उत्तर खरे म्हणायचे काय? तेही नाही. एक उदाहरण घेऊ. समजा, लाहोरकडून आलेला एखादा वृद्ध विधानसभेच्या त्या दरवाजासमोर उभा राहिला आणि खालच्या पाण्याकडे बोट दाखवून म्हणाला, “ही रावी.” कोर्बुझिएच्या मनात रावी असण्याचा संभव फार थोडा. पण वृद्धाचे म्हणणे तपासून पाहता येते. तिथे पाणी आहे. ते एका बाजूकडून दुसरीकडे वाहते. तो दरवाजा ज्या राज्याच्या सभागृहाचा, ते राज्य नद्यांच्या नावाने ओळखले जाणारे आणि नद्यांवरच फाटलेले. त्याचे वाचन चित्राला चिकटून राहते आणि चित्र त्याने अधिक बोलके होते. आपणही ते ऐकल्यावर त्या पाण्याकडे पहिल्यासारखे पाहू शकत नाही. याउलट कुणी म्हणाला की, हे पाणी म्हणजे माझ्या गेल्या वर्षीच्या बढतीची खूण, तर त्याला खोटे पाडता येणार नाही हे खरे. परंतु त्यासाठी दरवाजाकडे बघण्याची गरजच नव्हती. घरी बसूनही ते सुचले असते.

वैयक्तिक अर्थाची कसोटी मला तरी हीच वाटते. आधी काय दिसते ते सांगावे, मग काय वाटते ते. आणि जे वाटले ते घेऊन पुन्हा चित्राकडे जावे. चित्र कधीकधी ‘नाही’ म्हणते. ते ‘नाही’ ऐकून घेण्याची तयारी असेल, आणि शेजारच्या माणसाचे वाचन आपल्याहून निराळे निघाले तर तेही ऐकण्याची तयारी असेल, तर आपला अर्थ कितीही खाजगी असो, तो लहरीपणा ठरत नाही.

आता शीर्षकातल्या प्रश्नाकडे येतो. चित्राच्या अर्थाचा धनी कोण? आपल्या महाराष्ट्रात कूळकायद्याच्या काळात एक घोषणा गावोगाव पोचली होती, ‘कसेल त्याची जमीन’. १ एप्रिल १९५७ या दिवशी कितीतरी कुळे आपण कसत असलेल्या जमिनीची मालक झाली. नेकचंदने झाडीतली आपली जागा साफ करायला घेतली ती याच सुमारास. चित्राच्या बाबतीतही मला तोच न्याय योग्य वाटतो. ज्याने काढले त्याचा त्यावर पहिला हक्क आहे, यात शंका नाही. पण जो त्याच्यापुढे उभा राहून घाम गाळील, त्याचाही त्यातल्या पिकावर हक्क आहे. मात्र कसणाऱ्याला जमिनीचा पोत बघूनच पेरावे लागते. खडकाळ माळावर भात पेरून जमिनीला दोष देणाऱ्याला कुणी शेतकरी म्हणत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी एखाद्या प्रदर्शनात, किंवा घरी पडद्यासमोर बसले असता, न कळणारे चित्र समोर आले तर शेजाऱ्याला ‘याचा अर्थ काय’ असे लगेच विचारू नये. पाच मिनिटे थांबावे. घड्याळाकडे बघावे, पानाकडे बघावे, आणि ती सावली कुठून आली असेल याचा शोध घ्यावा. मग खुशाल शेजाऱ्याकडे वळावे आणि त्याला विचारावे, “तुम्हाला काय दिसले हो?”